सात वाजेपर्यंतचं फूल

उज्ज्वला गेल्याचं मला १८ मे २०३८ रोजी सकाळी नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी कळलं. मी तेव्हा आमच्या नर्सरीत एका डे-लिलीच्या फुलापुढे उकिडवा बसलो होतो. उजव्या हातात चिमटा, चिमट्यात दुसऱ्या जातीचा पराग. खिशात फोन वाजत होता. तो थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मी पराग फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाला लावला, नीट लागला की नाही ते बघितलं, देठाला लाल दोरा बांधला आणि मग फोन घेतला.

पलीकडे प्रणाली होती, आमची मुलगी.

"पप्पा, आई गेली."

"आलो," मी म्हणालो.

मी दवाखान्यात का नव्हतो, ते सांगतो. उज्ज्वला नऊ दिवस हडपसरच्या एका दवाखान्यात होती. किडनीचा जंतुसंसर्ग रक्तात गेला होता, पण आठव्या दिवशी ताप उतरला आणि डॉक्टर हसून बोलायला लागले. त्या संध्याकाळी मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. तिनं विचारलं, "बत्तीस नंबरला किती कळ्या राहिल्यात?"

"एकच. उद्या उघडेल."

"मग तुम्ही इथे कशाला बसलात?"

"तुझ्याजवळ बसलोय."

"मी काय उद्या कोमेजणार आहे का? त्या फुलाला उद्याचा एकच दिवस आहे. अकरा नंबरचा पराग फ्रिजच्या दारात आहे, लोणच्याच्या मागे. फूल उघडलं की लगेच लावा, दहानंतर ऊन चढतं. आणि लोणचं बाहेर विसरू नका, मागच्या वेळी विसरला होतात."

सकाळी प्रणाली तिच्याजवळ थांबली आणि मी नर्सरीत आलो. बत्तीस नंबर मुळात उशिरा उघडणारं झाड. ते उघडून पराग लावेपर्यंत सव्वानऊ होऊन गेले. उज्ज्वलाचं हृदय सव्वानऊला बंद पडलं.

मला लिहायची सवय नाही. नर्सरीच्या संघानं सांगितलं की त्या फुलाची हकीकत तुम्हीच लिहून द्या, म्हणून लिहितो आहे.

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की उरुळी कांचनच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नर्सऱ्या लागतात. त्यातली एक आमची. मी गुलाब आणि कलमं बघायचो, उज्ज्वला डे-लिली. डे-लिलीचं झाड म्हणजे लांब हिरव्या पात्यांचा झुबका. उन्हाळ्यात त्यातून दांडा निघतो, दांड्याला दहा-पंधरा कळ्या येतात आणि रोज एक-दोन उघडतात. फूल हाताएवढं मोठं, पण आयुष्य एका दिवसाचं. आमच्याकडच्या मेच्या उन्हात तर एक दिवसही नाही. सकाळी सहाला उघडलं की दुपारी दोनला त्याचा लगदा होतो. पाकळी कोमेजून गळते असंही नाही. तिच्या पेशींमध्ये मरायची वेळ आधीच ठरलेली असते. कळी उघडत असतानाच आतून पाकळी मोडायला सुरुवात झालेली असते. ती वेळ झाली की पेशींतलं पाणी बाहेर गळतं आणि फूल हातात चिकटतं. प्रत्येक जातीची ही वेळ थोडी वेगळी असते आणि ती बियाण्यातून पुढे जाते.

उज्ज्वलाला या वेळेचा नाद लागला तो एका गिऱ्हाईक बाईमुळे. ती बँकेत कामाला होती. आमच्याकडून तिनं सहा रोपं नेली होती. चार वर्षांनी खत घ्यायला आली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या रोपांना फुलं येतात असं माझ्या सासूबाई सांगतात. खरं का?"

उज्ज्वला म्हणाली, "म्हणजे? तुम्ही बघितली नाहीत?"

"मी सहाला घर सोडते, आठला परत येते. मला मेलेलीच दिसतात."

मी मध्ये बोललो, "रविवारी दिसत असतील की."

"दिसतात ना. आठवड्याला एक मला, सहा सासूबाईंना."

आम्ही खूप हसलो. ती गेल्यावर उज्ज्वलानं चहा ओतला. मग म्हणाली, "जिनं रोप लावलं, पाणी घातलं, तिलाच फूल दिसत नाही. निम्म्या गिऱ्हाईक बायका नोकरीवाल्या आहेत आपल्या. अहो, मला संध्याकाळी आठपर्यंत टिकणारी लिली पाहिजे."

मी म्हणालो, "देवाकडे अर्ज कर."

तिनं अर्ज केला नाही. वही घेतली आणि आमच्या सव्वाशे जातींपैकी कोणती किती वाजता उघडते आणि किती वाजता मिटते ते एक अख्खा उन्हाळा लिहून काढलं. बत्तीस नंबर सगळ्यांत उशिरा उघडायचं, म्हणजे साडेआठ-नऊला. अकरा नंबर उघडायचं सहालाच, पण चारपर्यंत टिकायचं. उशिरा उघडणं आणि जास्त टिकणं एका झाडात आणायचं, एवढा साधा तिचा हिशोब होता. पण हा संकर जमत नव्हता. चार उन्हाळे शेंग धरायची आणि आठ दिवसांत गळायची.

पाचव्या उन्हाळ्यातल्या शेवटच्या फुलाला मी लाल दोरा बांधला, ती शेंग गळली नाही. पन्नासाव्या दिवशी तडकली. आत अकरा काळ्या बिया निघाल्या. नऊ उगवल्या.

आता यंत्राबद्दल सांगायला पाहिजे, कारण त्याच वर्षी ते आमच्या भागात आलं.

आधी पद्धत अशी होती की बी पेरलं की दोन-अडीच वर्षं थांबायचं. फूल बघितल्याशिवाय रोप चांगलं की टाकाऊ ते कळायला मार्ग नव्हता. हजार रोपं वाढवायची, नऊशे नव्वद उपटायची, दहा ठेवायची. जागा, पाणी, मजुरी सगळं त्या नऊशे नव्वदांवर जायचं. पानवाचक नावाचं हे यंत्र आलं आणि हे सगळं सहा आठवड्यांवर आलं. कोवळ्या रोपाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा काढायचा आणि यंत्रात टाकायचा. यंत्र त्या पानातली सगळी जनुकं वाचतं आणि या रोपाला कसं फूल येईल त्याचं चित्र काढून दाखवतं. खाली शंभरपैकी गुण.

हे कसं जमतं ते प्रणालीनं मला एकदा समजावून सांगितलं होतं. जगभरातल्या चार लाख डे-लिलींची पानं आणि त्यांच्याच फुलांचे फोटो यंत्राला दाखवले होते. अशी जनुकं असली की असं फूल, तशी असली की तसं, हे ते त्यातून शिकलं. एखाद्या म्हाताऱ्या माळ्यानं चार लाख झाडं बघितली असतील तर तो पात्यावरून अंदाज सांगेल, तसंच. फक्त माळ्याला तेवढं आयुष्य मिळत नाही.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. आम्ही पन्नास जुन्या जातींची पानं टाकून बघितली, पन्नासच्या पन्नास चित्रं बरोबर आली. एका फुलाच्या पाकळीवर पांढरी रेघ असते, ती रेघसुद्धा त्यानं काढली. आमच्या भागातल्या नर्सरीवाल्यांच्या संघानं यंत्र घेतलं आणि ते चालवायला प्रणालीला नेमलं. ती कृषी विद्यापीठातून शिकून आली होती आणि या कामात तिच्याइतकी हुशार जवळपास कोणी नव्हती. बाप म्हणून सांगत नाही, सगळेच म्हणायचे.

एक नियम मात्र कडक होता. काही जणांनी कमी गुणांची रोपं चांगल्या चित्राची चिठ्ठी लावून विकली होती. तेव्हापासून चाळीसच्या खालचं रोप आठ दिवसांत नर्सरीतून काढायचं आणि काढल्याची सही प्रणालीनं करायची. नाही काढलं तर नर्सरीचा दाखला रद्द. नियम करताना मीही हात वर केला होता.

ऑक्टोबरात एका दुपारी प्रणाली नर्सरीत आली. सावलीत खुर्ची होती तरी बसली नाही.

"पप्पा, नऊच्या नऊ."

"नऊच्या नऊ काय?"

"चाळीसच्या खाली. सगळ्यांत जास्त एकतीस."

तिनं फोनवर चित्रं दाखवली. नऊही एकसारखी. अर्धवट उघडलेलं फूल, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, रंग मळकट पिवळा. आमच्या धंद्यात असल्या फुलाला कोणी हात लावत नाही. कळी धड उघडत नाही म्हणजे झाड मुळातच अधू, असं धरलं जातं.

मी म्हणालो, "बत्तीस नंबरची पोरं आहेत. उशिरा उघडत असतील."

"बत्तीस नंबरचंही चित्र काढलं मी. ते पूर्ण उघडलेलं दाखवतं. साडेआठला उघडो नाहीतर नऊला, दहापर्यंत फूल उघडतंच. ही उघडतच नाहीत."

"दोन वर्षं थांबून बघू."

"सगळे हेच म्हणतात. परवा भोंगळे काका हेच म्हणत होते, त्यांची दोनशे रोपं काढायला लावली मी. तुमची ठेवली तर त्यांना काय तोंड दाखवू?"

"भोंगळेची रोपं आणि ही एक आहेत का? ही तुझ्या आईची आहेत."

प्रणालीनं फोन खिशात घातला. "आईची कशी? पराग तुम्ही लावलात. त्या वेळी आई..."

ती थांबली. पाच महिने आम्ही दोघं एका घरात जेवत होतो आणि त्या सकाळबद्दल बोललो नव्हतो. तिथे ती एकटी होती. मी फुलापुढे होतो. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि मला कळलं हे तिलाही कळलं.

मी म्हणालो, "पुढे बोल."

"काही नाही. शुक्रवारपर्यंत काढा."

शुक्रवारी सकाळी ती परत आली. मी रोपं काढली नव्हती. खुरपं हातात घेऊन दोनदा वाफ्यापर्यंत गेलो होतो. यंत्र बरोबर आहे असं मला वाटत होतं आणि तरी हात चालत नव्हता. ही रोपं टाकाऊ असतील तर मी त्या सकाळी कशासाठी नर्सरीत होतो, याला माझ्याकडे उत्तर उरणार नव्हतं. एवढीच गोष्ट होती.

प्रणाली वाफ्याशेजारी बसली. मग तिनं स्वतः खुरपं घेतलं आणि एकेक रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून पाटीत ठेवलं. एकाही मुळीला धक्का लावला नाही.

"नियम नर्सरीचा आहे," ती म्हणाली. "घरामागे कपड्यांच्या दोरीखाली जागा आहे. तिथे लावा. विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, फोटो कुठे टाकायचा नाही. नर्सरीतून काढली एवढंच मी लिहिणार. ते खरं आहे."

"भोंगळेला काय सांगशील?"

"त्यांना मागे जागा आहे का ते विचारीन."

तिनं खरंच विचारलं. भोंगळे म्हणाला, मागे जागा आहे पण तिथे माझी म्हैस आहे.

दोन वर्षं ती रोपं मोरीच्या सांडपाण्यावर वाढली. मी खत घातलं, गोगलगायी वेचल्या. त्या काळात आमच्या भागाचं रूप बदललं. पूर्वी वर्षाला पाच-दहा नव्या जाती निघायच्या, आता दोनशे निघायला लागल्या. सगळ्यांची फुलं मोठी, झालरदार, झगझगीत. परदेशात रोपं जायला लागली. प्रणाली तीन तालुक्यांचं काम बघायला लागली. माझं तिच्याशी भांडण नव्हतं. आम्ही व्यवस्थित बोलायचो, भाजी काय आणायची, गाडीचे टायर कधी बदलायचे. त्या सकाळबद्दल नाही.

२०४१च्या मे महिन्यात नऊपैकी सहाव्या रोपाला पहिला दांडा आला. मी रोज बघत होतो. ज्या दिवशी पहिली कळी उघडणार होती त्या दिवशी सहापासून समोर खुर्ची टाकून बसलो. सात वाजले, आठ वाजले. नऊला कळी अर्धी सुटली. दहाला फूल जसं चित्रात होतं तसंच होतं. पाकळ्या चिकटलेल्या, रंग मळकट पिवळा. चित्र आणि फूल शेजारी धरलं असतं तर फरक सापडला नसता.

यंत्र खरं ठरलं. मी खुर्ची उचलून आत आणली. मला वाईट वाटलं, पण दोन वर्षं मी याची तयारी केलेली होती. कौसाबाईला हाक मारली. कौसाबाई आमच्याकडे वीस वर्षं कामाला आहे, नर्सरीतही आणि घरातही. तिला म्हणालो, "संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला जाशील तेव्हा खालची लिलीपण उपटून टाक. नऊच्या नऊ."

"वैनीची ती?"

"हो. टाकून दे."

साडेपाचला मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. कौसाबाई खांद्यावर कपडे घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

"नाना, खरंच उपटू?"

"सांगितलं ना."

"तुमी बघितलं का? आपल्या वाफ्यातली सगळी मेली दुपारी. ह्ये एकटंच टकाटका बघतंय."

मी चप्पल न घालता मागे गेलो.

फूल पूर्ण उघडलं होतं. पाकळ्या मागे वळल्या होत्या. मळकटपणा कुठे नव्हता, स्वच्छ पिवळा रंग होता आणि आत घशाशी तांबूस. दिवसभर बेचाळीस अंश तापमान होतं. मी पाकळी बोटात धरली. ताठ होती. संध्याकाळी साडेपाचला डे-लिलीची ताठ पाकळी मी माझ्या आयुष्यात धरली नव्हती.

प्रणालीला फोन केला. "आत्ताच्या आत्ता घरी ये."

"काय झालं? पडलात का?"

"पडलो नाही. ये."

ती सव्वासहाला आली. स्कूटर स्टँडवर न लावता भिंतीला टेकवली, म्हणजे घाबरून आली होती. मी तिला मागे नेलं. ती फुलाकडे बघत राहिली.

"हे कुठलं?"

"सहा नंबर. एकतीस गुणवालं."

"शक्य नाही."

"सकाळी दहाला हुबेहूब तुझ्या चित्रासारखं होतं. मी स्वतः बघितलं."

तिनं फोन काढून फोटो घेतला आणि तिथूनच पानवाचकाला पाठवला. नव्या फुलाचा फोटो पाठवला की ते त्याची नोंद घेतं आणि अंदाज सुधारतं. फोनवर लगेच उत्तर आलं. प्रणालीनं वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यावर लिहिलं होतं, "फोटो अयोग्य वेळेचा आहे. फुलाचा फोटो सकाळी दहाच्या आत काढावा."

"हा मजकूर मीच मराठीत केला होता," ती म्हणाली.

ती दोरीखालच्या कपडे धुवायच्या दगडावर बसली. मला समजायला थोडा वेळ लागला. तिनं सांगितलं तेव्हा समजलं. जगात डे-लिलीचं काम करणारा प्रत्येक माणूस फुलाचा फोटो सकाळीच काढतो. मीही सकाळीच काढतो, उज्ज्वलाही सकाळीच काढायची. दुपारी फुलाचा लगदा होतो, लगद्याचा फोटो कोण काढेल? चार लाख फोटो, सगळे सकाळचे. जे थोडे उशिराचे आले ते खराब म्हणून आधीच गाळून टाकलेले. आम्ही यंत्राला विचारत होतो, फूल कसं आहे. ते सांगत होतं, सकाळी दहाला कसं असेल. दहाला हे फूल अर्धवटच असतं. हे त्यानं अचूक सांगितलं होतं.

"पप्पा, याला दुपार माहीतच नाही," प्रणाली म्हणाली. "आणि संध्याकाळही."

"ते शिकवता येईल."

"येईल. पण मी किती सह्या केल्यात माहीत आहे? अकरा हजार चारशे रोपं. त्यातली अर्धवट उघडणारी किती होती, मला आठवतात. भोंगळे काकांच्या दोनशेत निम्मी तशीच होती. ती उपटली. परत येणार नाहीत."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. ती रडत नव्हती. लहानपणापासून ती रडायच्या ऐवजी अंगठ्याचं नख कुरतडते, तेच करत होती.

मी म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तू फोन केलास तेव्हा मला ऐकू येत होता. मी पराग लावत होतो. दोरा बांधून झाल्यावर उचलला."

"माहीत आहे."

"कसं?"

"पहिला कॉल नऊ पंचवीसचा आहे. तुम्ही उचलला नऊ अठ्ठावीसला. मी तो आकडा बघत बसायचे. तीन मिनिटं. मला वाटायचं, ही तीन मिनिटं यांनी कशी काय घेतली."

"घेतली खरी."

"आई तेव्हा गेलेलीच होती, पप्पा. दहा मिनिटं झाली होती. तुम्ही लगेच उचलला असता तरी हे सगळं तसंच झालं असतं. फक्त हे नसतं झालं." तिनं फुलाकडे हात केला. "राग मला त्या तीन मिनिटांचा नव्हता. मी तिथे एकटी होते, त्याचा होता. तुम्ही एकदाही विचारलं नाही की मी तिथे काय केलं."

"काय केलंस?"

मग तिनं सांगितलं. नर्सला कसं बोलावलं, पडदा कसा ओढला, आईच्या बांगड्या काढताना एक निघत नव्हती तेव्हा हात धुवायचा साबण लावून कशी काढली, कागदावर नातं लिहायचं होतं तिथे तिनं आधी चुकून "आई" लिहिलं आणि ते खोडून "मुलगी" केलं. मी सगळं ऐकलं.

कौसाबाई मागच्या दारात येऊन म्हणाली, "उपटायची का ठिवायची ते तरी सांगा, मला घरी जायचंय."

"ठेवायची," प्रणाली म्हणाली.

आम्ही तिथेच बसून राहिलो. सात वाजता फूल उघडं होतं. सात वाजून पाच मिनिटांनी पाकळ्यांच्या कडा आत वळायला लागल्या. सात वाजून दहा मिनिटांनी ते मिटलं. प्रणालीनं वेळ लिहून घेतली.

पुढच्या सोमवारी तिनं संघाच्या बैठकीत सगळं स्वतः उभं राहून सांगितलं. मी सह्या केल्या, माझ्या हातून चूक झाली, असं म्हणाली. भोंगळे उठला. मला वाटलं आता हा बोलणार. तो म्हणाला, "पोरी, नियमाला हात आम्हीपण वर केले होते. आता पुढचं सांग." मग खाली बसता बसता म्हणाला, "तेव्हा म्हैस विकायला पाहिजे होती."

नियम बदलला. आता अर्धवट उघडणारं रोप काढत नाहीत, एक हंगाम वेगळ्या वाफ्यात ठेवतात आणि त्याचे चार वेळा फोटो काढतात, सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सहा. फोटो काढायचं काम नर्सऱ्यांतल्या बायका करतात. कौसाबाईचे फोटो सगळ्यांत नीट येतात. प्रणालीनं यंत्राला नव्यानं शिकवायला घेतलं आहे आणि ते शिकतंय. मागच्या महिन्यात त्यानं एका रोपाचं चित्र काढलं आणि खाली पहिल्यांदाच वेळ लिहिली, "पूर्ण उघडण्याची वेळ दुपारी एक." ते रोप अजून चार इंचाचं आहे. फुलल्यावर खरंखोटं कळेल. माझा विश्वास आहे की ते खरं निघेल.

नऊपैकी बाकीची आठ रोपंही या उन्हाळ्यात फुलली. आठही दुपारीच उघडतात, पण सहाच्या पुढे एकही टिकत नाही. सहा नंबर सगळ्यांत चांगलं. त्याचा पराग मी आता दुसऱ्या सोळा जातींना लावतो. सहा नंबरचं फूल सकाळी उघडलेलं नसतं आणि ते उघडतं तेव्हा बाकीच्यांचा लगदा झालेला असतो, म्हणून आदल्या दिवशीचा पराग फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या सकाळी लावावा लागतो. यंदा अकरा शेंगा धरल्या आहेत.

उज्ज्वलाला आठपर्यंत टिकणारं फूल पाहिजे होतं. सहा नंबर सात वाजून दहा मिनिटांनी मिटतं. आम्ही पुरते चाळीस दिवस वेळ घेतली, सात दहाच्या पुढे ते एकदाही गेलं नाही. नोकरीवरून आठला घरी येणाऱ्या बाईला ते अजूनही मिटलेलंच दिसणार.

पन्नास मिनिटं मिळवायची राहिली आहेत.